वेष्टनावरील मजकूर आणि आपले घर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. ज्ञातीचा इतिहास, शिक्षणाचा प्रसार, विवाहातील अवास्तव खर्च या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावरून वेळोवेळी बोललेले आहेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि नोकरीची सर्व वर्षे शाळेत मुलांस वाचन व अंकगणित शिकविण्यात गेली. तेव्हा ज्यात वाचनाचा व अंकगणिताचाच उपयोग होईल असा विषय घ्यावा, असे आम्ही ठरविले. तो विषय म्हणजे बाजारातून बंद पुडक्यांत व डब्यांत येणाऱ्या खाद्यपदार्थांवर छापलेला मजकूर. कोणास हा विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्या गोष्टीचा संबंध रोज आपल्या ताटाशी आणि मुलाबाळांच्या डब्याशी येतो, ती किरकोळ कशी म्हणावी?

आपल्या आई-आजींच्या काळी दळण घरचे, मसाला घरी कुटलेला, तेल ओळखीच्या घाण्यावरचे आणि वाणी तर दोन-दोन पिढ्यांच्या परिचयाचा असे. डाळीत खडे निघाले तर त्याच्या ओट्यावर जाऊन जाब विचारता येई, आणि गावात आपली पत जाईल या भीतीने तोही जपून वागे. हल्ली पीठ, मसाला, तेल, लोणचे, बिस्किटे, इतकेच काय पण पुरणपोळी आणि मोदकाची उकडदेखील पुडक्यात मिळते. ते पुडके कोणी भरले, कोठे भरले, भरणाऱ्याचे हात स्वच्छ होते की नाही, हे आपणास दिसत नाही. आपण आणि तो उत्पादक यांच्यामध्ये एकच दुवा उरतो, तो म्हणजे वेष्टनावरचा मजकूर. ही विकणाऱ्याने ग्राहकास दिलेली लेखी जबानी आहे. ती त्याने आपखुशीने दिलेली नाही. कायद्याने त्याच्याकडून लिहून घेतली आहे. परंतु जिच्यासाठी ती लिहून घेतली, त्या गृहिणीस ती वाचता आली नाही, तर कायदा कागदावरच राहतो. आमच्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

प्रथम या कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला व तो १ जून १९५५ पासून अमलात आला. वजनमापांसंबंधी १९७६ साली कायदा झाला आणि बंद पुडक्यांसाठी १९७७ साली स्वतंत्र नियम झाले. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा मंजूर झाला; त्याने खाद्यपदार्थांविषयीचे अनेक जुने कायदे व आदेश एकाच छत्राखाली आणले. त्या कायद्यान्वये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण २००८ साली स्थापन झाले. लेबलासंबंधी या प्राधिकरणाने केलेले नियम २०२० साली प्रसिद्ध होऊन १७ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाले. वजन व किंमत यांविषयी २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे पुडक्यांसंबंधीचे नियम आहेत. हा विचार केवळ आपल्याच देशाचा नव्हे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३ साली कोडेक्स नावाचा आयोग नेमला, आणि त्याने १९८५ साली पुडक्यांतील अन्नाच्या लेबलासाठी सर्व देशांस मार्गदर्शक असे एक मानक घालून दिले.

आता प्रत्यक्ष पुडके हातात घेऊ. त्यास दोन बाजू असतात. पुढच्या बाजूस सोनेरी गव्हाची कणसे, रसरशीत फळे, हसणारी मुले आणि मोठाल्या अक्षरांतील विशेषणे असतात. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत रुक्ष मजकूर असतो. आमचे सांगणे असे की, पुढची बाजू ही वकिलाची आणि मागची बाजू ही साक्षीदाराची आहे असे समजावे. वकील आपल्या अशिलाचे गुण गाणारच. निवाडा मात्र साक्षीवर करावा.

मागच्या बाजूस पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे घटक पदार्थांची यादी. ही यादी कशीही लिहिलेली नसते. पदार्थ तयार करताना जो घटक वजनाने सर्वांत अधिक घातला तो पहिला, त्याहून कमी तो दुसरा, असा उतरता क्रम कायद्याने बंधनकारक आहे. वर्गातील गुणानुक्रमाच्या यादीप्रमाणेच ही वाचावी. पुढच्या बाजूस गव्हाचे चित्र आहे आणि यादीत पहिला क्रमांक मैद्याचा, दुसरा साखरेचा व तिसरा पामतेलाचा आहे, असे आढळले म्हणजे त्या बिस्किटाचे खरे कुळ काय, ते कळून येते. शिवाय ज्या घटकाची पुढच्या बाजूस विशेष प्रौढी मिरविली असेल, त्याचे शेकडा प्रमाण यादीत सांगावे लागते. नाव बदामाचे आणि यादीत बदाम शेकडा एक-दोन, असे असेल तर आपण दाम कशाचे मोजतो याचा विचार करावा.

यादी वाचताना आणखी एक सावधगिरी ठेवावी. साखर एकाच नावाने येईल असे नाही. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी तिची भावंडे आणि चुलत भावंडे असतात. गोडवा तीन-चार नावांत वाटला गेला म्हणजे प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि पहिला क्रमांक दुसऱ्या कोणा घटकास मिळतो. म्हणून सर्वांची मनात बेरीज करावी. तसेच काही घटकांपुढे आय.एन.एस. हे अक्षर आणि आकडा दिसतो. त्यास उगाच भिऊ नये. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबात निसर्गतःच असते. ५०० म्हणजे खाण्याचा सोडा व त्याच्या वर्गातील क्षार. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट हे टिकविण्यासाठी घालावयाचे द्रव्य. १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा कृत्रिम रंग. आकडा आहे म्हणून पदार्थ विषारी ठरत नाही, आणि आकडा नाही म्हणून तो सात्त्विकही ठरत नाही. कोणता आकडा कशाचा, हे घरातील एखाद्या विद्यार्थ्याने वहीत टिपून ठेवले तर पुरे.

दुसरी गोष्ट म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता. यात ऊर्जा, प्रथिने, पिष्टमय पदार्थ, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स स्निग्धांश, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे प्रमाण बहुधा १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे दिलेले असते. त्याखेरीज एका वेळच्या वाढणीत माणसाच्या दिवसभराच्या मर्यादेपैकी शेकडा किती भाग येतो, तेही सांगावे लागते. त्यासाठी २००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम एकूण स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, २ ग्रॅम ट्रान्स स्निग्धांश, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे दिवसाचे माप धरलेले आहे.

येथे आमचे अंकगणित उपयोगी पडते. मिठाचे प्रमाण वेष्टनावर मिठाच्या नावाने नसून सोडियमच्या नावाने असते, आणि तेथेच आपली फसगत होते. सोडियमच्या आकड्यास अडीचने गुणिले म्हणजे मिठाचा आकडा येतो. समजा, फरसाणाच्या १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. आठशे गुणिले अडीच म्हणजे २००० मिलिग्रॅम, अर्थात २ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाची. तेव्हा चहाबरोबर बोलता बोलता १०० ग्रॅम फरसाण संपले, तर दिवसाच्या मिठाचे शेकडा ४० भाग तेथेच खर्ची पडले. साखरेचेही तसेच. समजा, एखाद्या सरबताच्या १०० मिलिलिटरमध्ये ११ ग्रॅम साखर घातलेली आहे आणि बाटली २०० मिलिलिटरची आहे. साखर झाली २२ ग्रॅम. चहाच्या लहान चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. म्हणजे मुलाने एका दमात साडेपाच चमचे साखर प्यायली. आपण त्यास हातात साडेपाच चमचे साखर देऊन खा म्हटले असते काय?

वाढणीच्या आकड्याविषयीही दक्ष असावे. पुडके १५० ग्रॅमचे आणि वाढणी ३० ग्रॅमची असे छापलेले असते. ३० ग्रॅमपुढचा शेकडा आकडा लहान व निरुपद्रवी दिसतो. पण पुडके एकट्याने संपविले तर त्यास पाचने गुणावे लागते. हे गणित चौथीच्या मुलास येते. ते घरोघर व्हावे, एवढीच आमची इच्छा.

आमच्या परिचयाच्या एका घरी वडीलधाऱ्या बाईंस रक्तदाबाचा विकार आहे. वैद्यांनी मीठ कमी करण्यास सांगितल्यापासून त्या माउलीने वरणात आणि भाजीत मीठ घालणे जवळजवळ सोडले. घरची सर्व मंडळी त्यांच्यासाठी अळणी जेवण जेवू लागली. परंतु संध्याकाळी भूक लागली म्हणून त्या तयार सूपाचे पाकीट पाण्यात उकळून घेत आणि सोबत खारी बिस्किटे खात. पाकिटावर सोडियमचा आकडा स्पष्ट छापलेला होता. तो इंग्रजीत होता, आणि बाईंस देवनागरीखेरीज लिपी वाचता येत नव्हती. घरात दोन पदवीधर असून कोणी तो वाचून दाखविला नव्हता. या उदाहरणात कोणाचा दुष्टपणा नाही, भेसळ नाही, कायद्याचा भंगही नाही. तरीही त्या घराने जे अळणी जेवणाचे व्रत घेतले होते, ते निष्फळ होत होते. आमच्या मते लेबलाचा प्रश्न आपल्या घरांत या स्वरूपात आहे.

तिसरी गोष्ट शाकाहार-मांसाहाराच्या खुणेची. ही खूण आपल्याकडे २००१ साली सक्तीची झाली. हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थास पूर्वी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल असे. नव्या नियमांत गोलाऐवजी तपकिरी त्रिकोण केला, कारण ज्यांस रंगांतील भेद ओळखता येत नाही त्यांस दोन्ही गोल सारखेच दिसत. अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध हे शाकाहारीत येतात. आपल्यातील व्रतस्थ भगिनींनी मात्र एक ध्यानात ठेवावे की, ही खूण कांदा-लसणाविषयी काही सांगत नाही आणि उपवासाविषयीही काही सांगत नाही. उपवासाचा म्हणून जो चिवडा विकत आणतो, त्यात काय काय आहे हे घटकांच्या यादीतच पाहावे.

चौथी गोष्ट प्रकृतीस न मानवणाऱ्या पदार्थांची. डॉक्टर यास अॅलर्जी म्हणतात. ग्लूटेन असलेली गहू, जव यांसारखी धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामादी कवचफळे आणि सोयाबीन यांपैकी काहीही पदार्थात असेल, तर ते वेष्टनावर वेगळे नमूद करावे लागते. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कशात नसते? उसळीत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात, लाडवात ते असतेच. ज्या मुलास शेंगदाणा चालत नाही, त्याचा जीव एका घासाने धोक्यात येऊ शकतो. 'थोडेसे खाल्ल्याने काय होते' असे म्हणून पंगतीत आग्रह करण्याची आपली चाल प्रेमाची असली, तरी अशा मुलाच्या बाबतीत ती अघोरी ठरेल. कारखान्याच्या पुडक्यावर कायद्याने जे लिहावे लागते, ते आपल्या समारंभांतील आचाऱ्याने आणि यजमानांनी तोंडी सांगण्याची प्रथा आपण का पाडू नये?

पाचवी गोष्ट तारखांची. पदार्थ तयार केल्याची किंवा पुडक्यात भरल्याची तारीख, आणि ज्या तारखेनंतर तो खाऊ नये ती तारीख, अशा दोन तारखा सक्तीच्या आहेत. 'बेस्ट बिफोर' ही तारीख ऐच्छिक आहे. तिच्यापर्यंत पदार्थ आपल्या उत्तम चवीत व गुणात राहतो, एवढाच तिचा अर्थ. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे शेवटची मुदत; ती उलटली की पदार्थ टाकावा, मग तो दिसावयास कितीही चांगला असो. या तारखा वेष्टन न उघडता आणि सांगितलेल्या रीतीने ठेवल्यासच खऱ्या. फ्रिजमध्ये ठेवावयाचा पदार्थ दुकानदाराने उन्हात ठेवला, तर छापील तारखेस अर्थ उरत नाही. सुट्या मिठाईच्या ताटावरही 'बेस्ट बिफोर' तारीख लावण्याचा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून निघाला आहे. दिवाळीत पेढे घेताना ती पाटी कोठे आहे, असे विनयाने विचारावे.

सहावी गोष्ट वजन व किंमत. निव्वळ वजन म्हणजे वेष्टन सोडून आतल्या मालाचे वजन. छापील किंमत ही सर्व करांसह कमाल किंमत होय. तिच्याहून अधिक घेता येत नाही, कमी मात्र घेता येते. पुष्कळदा किंमत तीच ठेवून वजन घटविले जाते. पुडके बाहेरून पूर्वीइतकेच फुगीर दिसते. यासाठी एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापण्याचा नियम आला. दोन पुडक्यांची तुलना करताना हा एकच आकडा पाहिला तरी काम भागते. मोठे पुडके नेहमी स्वस्त पडतेच असे नाही, हेही त्यावरून समजते. याखेरीज उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच नंबर, आणि प्राधिकरणाच्या चिन्हासह १४ आकडी परवाना क्रमांक असतो. तक्रार करावयाची वेळ आली तर हेच आकडे कामास येतात. म्हणून संशय आलेल्या पदार्थाचे वेष्टन फेकून देऊ नये.

आता दाव्यांविषयी. 'साखर नाही' असे म्हणावयाचे तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. पण 'वरून साखर घातलेली नाही' याचा अर्थ वेगळा. फळांची मूळची साखर त्यात असू शकते. मधुमेही माणसाने या दोन वाक्यांत गल्लत करू नये. पाणी आणि फळांचा आटविलेला रस मिसळून केलेल्या पेयांवर 'शंभर टक्के फळांचा रस' असे लिहिले जाई. ते दावे काढून टाकावेत असा आदेश प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. म्हणजे इतकी वर्षे ते शब्द वाचूनच आपण मुलांस तो रस पाजीत होतो.

चित्र हे अक्षरापेक्षा लवकर वाचले जाते, हे कायदा करणारांसही ठाऊक आहे. म्हणूनच १९९२ च्या कायद्याने अर्भकांच्या दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यास मनाई केली आणि मातेचे दूधच बाळास उत्तम, हे ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे केले. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा उष्मांक अधिक असलेल्या पुडक्यांवर, पुढच्याच बाजूस, काळी अष्टकोनी खूण छापण्याची सक्ती केली. निरक्षर मनुष्यासही ती दिसते. आपल्याकडे २०२२ साली प्राधिकरणाने ताऱ्यांची खूण सुचविली. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ व संपृक्त स्निग्धांश यांचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूवरील इशाऱ्यासंबंधी तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारसी कराव्यात असे सांगितले. तारे असावेत की इशारा असावा, यावर वाद आहे. आमचे साधे मत असे की, तारा हे बक्षिसाचे चिन्ह आहे. मिठाने भरलेल्या पदार्थास दोन तारे दिले तर मुलास तो दोन ताऱ्यांचा मान वाटेल. सावध करावयाचे असेल तर सावधच करावे.

यावरून आम्ही भाषेच्या प्रश्नाकडे वळतो. लेबलावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा, असा नियम आहे. अन्य भाषा जोडीस वापरण्यास मनाई नाही. पण सक्तीही नाही. परिणामी बाजारातील बहुतेक पुडक्यांवर इंग्रजीच आढळते. या सभागृहात बसलेल्या किती भगिनी स्वयंपाकघर सांभाळतात, आणि त्यांपैकी किती जणी बारीक इंग्रजी अक्षरे चष्म्याने तरी वाचू शकतील? जिच्या हातात घरचे अन्न आहे, तिच्याच भाषेत त्या अन्नाची जबानी नाही. ज्यांनी वाचावयाचे ते पुडके हाती धरीत नाहीत, आणि ज्या हाती धरतात त्यांस वाचता येत नाही. शिवाय ज्या पुडक्याचे एकूण पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरहून अधिक नाही, त्यास घटकांची यादी व पोषणमूल्यांचा तक्ता छापण्यापासून सूट आहे. ती माहिती मोठ्या, एकत्रित वेष्टनावर असते, आणि ते वेष्टन दुकानदाराकडे राहते. गोळ्या, चॉकलेटे, लहान पुड्या या मुलांनी स्वतःच्या पैशाने घ्यावयाच्या वस्तू. म्हणजे ज्यास सर्वांत कमी कळते, त्याच्या हातातील पुडीवर सर्वांत कमी लिहिलेले असते. मराठीची सक्ती व्हावी अशी मागणी आपण अवश्य करावी. परंतु ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसू नये.

आपल्या ज्ञातीतील अनेक भगिनी पापड, मसाले, लोणची आणि दिवाळीचा फराळ करून विकतात व संसारास हातभार लावतात. त्यांस आमची विशेष विनंती आहे. हा कायदा घरगुती व्यवसायासही लागू आहे. लहान व्यवसायास नोंदणी व मोठ्यास परवाना घ्यावा लागतो. कित्येकींस हे लिखाण म्हणजे सरकारी जाच वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, शाकाहाराची खूण, शेंगदाणा किंवा गव्हाचा उल्लेख, केल्याची व खाण्याची तारीख, आपले नाव-पत्ता, किंमत आणि नोंदणी क्रमांक एवढे पुडक्यावर स्वच्छ लिहिले, म्हणजे 'मी काय केले ते मी लपवीत नाही' असे ती भगिनी सांगत असते. यात तिची पत वाढते. आणि मोठे कारखाने जे करीत नाहीत, ते तिने करून दाखवावे. इंग्रजी-हिंदीच्या जोडीस सर्व मजकूर मराठीतही द्यावा, मोठ्या अक्षरांत द्यावा.

लेबल खोटे निघाले तर काय करावे? आपल्या जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. वजन-किमतीसाठी वैधमापन शास्त्र विभाग आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमान्वये सामान्य ग्राहकासही शुल्क भरून पदार्थाची सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र खरेदीच्या वेळीच तसे विक्रेत्यास सांगावे लागते. पदार्थात दोष आढळला तर शुल्क परत मिळते. चुकीचे किंवा दिशाभूल करणारे लेबल लावणारास ५२ व्या कलमाखाली तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुण्यात १९७४ साली कै. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा ग्राहकास राजा म्हणणारे पुष्कळ होते, पण त्याचे ऐकणारे थोडे होते. आज कायदा आपल्या बाजूस आहे. त्यास हाक मारणारे हवेत.

बंधुभगिनींनो, आम्ही बाजारचे अन्न मुळीच खाऊ नये, असा उपदेश करण्यास उभे राहिलेलो नाही. नोकरी करणाऱ्या सुनेस तयार पीठ आणि तयार मसाला आधार देतो, आणि त्यात काही गैर नाही. फक्त डोळे उघडे ठेवून घ्यावे. त्यासाठी मंडळाने तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. पहिली, लेबलावर वारंवार येणारे शब्द, त्यांचा मराठी अर्थ आणि साखर-मिठाच्या दैनिक मर्यादा असे एक पानी पत्रक छापून प्रत्येक सभासद कुटुंबास द्यावे. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावण्याजोगे असावे. दुसरी, संमेलनाच्या विक्रीमंडपात मराठी लेबल असलेल्या फराळास अग्रक्रम द्यावा. तिसरी, मंडळाच्या शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा आपल्या घरची सर्व पुडकी काढून आई-आजीस त्यांवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा व त्याचा अर्थ सांगावा. आपल्या पूर्वजांनी पोटास चिमटा घेऊन मुलांस शाळेत घातले, ते त्यांनी केवळ नोकरी मिळवावी म्हणून नव्हे. शिकलेल्या डोळ्यांचा उपयोग न शिकलेल्या घरास व्हावा, हाही त्यांचा हेतू होता. तो हेतू फेडण्यास फार मोठे साधन लागत नाही, आणि सुरुवात आज घरी गेल्यावर मिठाच्या पुड्यापासूनही करता येईल.